संथ जहाजाचं बुकिंग: हळदीला परवडलं

सांगली मार्केट यार्डातून आमची हळद न्हावाशेवामार्गे युरोपला जाते. यंदा मुंबईच्या एका फॉरवर्डरची (जहाजात जागा मिळवून माल पाठवून देणाऱ्या कंपनीची) ‘कमी कार्बन’ सेवा घेऊन बघितली.

त्यात दोन पर्याय आहेत. पहिला संथ जहाजाचा. वेग दहा टक्के कमी केला की इंजिनाला लागणारी ताकद साधारण 27 टक्क्यांनी उतरते. वाढलेला वेळ धरूनही त्याच अंतराला जवळपास 19 टक्के इंधन वाचतं. हळदीला घाई कसली? भाडं खरंच कमी लागलं. फक्त ओलावा शोषणाऱ्या पिशव्या जास्त टांगा, बुरशी धरली तर सगळी बचत पाण्यात. तासगावचा मेव्हणा मात्र ऐकूनच हसला. द्राक्षाचा रीफर, म्हणजे थंड कंटेनर, वाटभर वीज खातो, वर माल नाजूक.

दुसरा पर्याय जैवइंधनाचा. जादा पैसे आपण भरायचे, ते इंधन जळणार भलत्याच जहाजात, आपल्या हाती प्रमाणपत्र. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत असेल तरच घ्या. आमच्या गिऱ्हाइकाने दिले नाहीत.

माझी तक्रार बिलाबद्दल आहे. युरोपीय संघ 2024 पासून जहाजांच्या कार्बनला पैसे लावतो. भारत-युरोप फेरीचं निम्मं उत्सर्जन धरतात. त्यातलं 2024 साठी 40 टक्के, 2025 साठी 70 टक्के आणि 2026 पासून सगळंच. म्हणजे वाचलेल्या इंधनाचा फायदा दुहेरी, आणि ह्या फॉरवर्डरने सगळे अधिभार बिलाच्या एकाच ओळीत कोंबलेत! आमच्या वाट्याला किती आलं, कळणार कसं? फोन केला की ‘बघून सांगतो साहेब’.

पाचपैकी साडेतीन. पुढचा कंटेनर संथच पाठवणार, पण कार्बनची ओळ वेगळी लिहून घेतल्यावरच.