दात शिवशिवतात: पेस्ट, वार्निश की फिलिंग?

इंदूरच्या थंडीत गराडूवर (तळलेल्या कंदाच्या फोडींवर) लिंबू पिळलं की निम्म्या घराचे दात आंबतात. मग वाद ठरलेला: सेन्सिटिव्ह पेस्ट आणायची की थेट डेंटिस्ट गाठायचा? खर्चाचा हिशेब नंतर करा. सणक एकाच दाताला जाते की बऱ्याच दातांना, आणि गार पाणी गिळल्यावर ती लगेच थांबते की रेंगाळते, हे आधी बघा.

बऱ्याच दातांना, तीही क्षणभरच जात असेल, तर पेस्टपासून सुरुवात करायला हरकत नाही. हिरडी खाली सरकली किंवा इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, झिजलं की त्याच्या आतला थर, डेंटिन, उघडा पडतो. त्यातल्या बारीक नळ्यांमधला द्रव गार लागताच हलतो आणि नसेला कळ जाते. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट नस शांत करते. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिनची पेस्ट त्या नळ्यांची तोंडं बुजवते. नायट्रेटचा गुण यायला रोज दोनदा वापरून दोन ते चार आठवडे लागतात. लोक चार दिवसांत ट्यूब बदलतात आणि कंपनीला नावं ठेवतात! घासल्यावर खळखळून चूळ भरू नका, नुसतं थुंका. आंबट खाल्ल्यावर निदान अर्धा तास ब्रश नको.

एवढं करूनही फरक नसेल, तर वार्निश, म्हणजे डेंटिस्टकडून दातांवर लावून घ्यायचा फ्लोराइडचा लेप. यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम (दहा लाखांत २२,६०० भाग) फ्लोराइड असतं. आपल्याकडच्या साध्या पेस्टमध्ये ते १,००० पीपीएमच्या आसपास. लावायला काही मिनिटं पुरतात. त्या दिवशी कडक आणि फार गरम खाणं टाळायचं, म्हणजे पोहे चालतील, पापड नको. पण हा लेप टिकाऊ नाही, काही महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो. दोन-तीन दातच फार त्रास देत असतील तर मला हा पर्याय पेस्टपेक्षा बरा वाटतो.

हिरडीलगत नख अडकेल अशी खाच पडली असेल, तर पेस्ट-वार्निशवर वेळ घालवू नका. कॉम्पोझिट किंवा ग्लास आयनोमर या दात भरायच्या मसाल्यानं ती भरून घ्या, म्हणजेच फिलिंग करून घ्या. मात्र कडक ब्रशनं आडवं खसाखसा घासणं तसंच चालू राहिलं, तर शेजारी नवी खाच तयार होते. जुन्या माणसांची खरखरीत मंजनंही त्याच वाटेवरची.

एकाच दाताला कळ, गार पाणी गिळून मिनिटभर झालं तरी ठणका, रात्री आपोआप दुखणं, चावताना टोचणं: यातलं काहीही असेल तर ही साधी सेन्सिटिव्हिटी नसावी. कीड खोल गेली असेल किंवा दाताला चीर असेल. अशा वेळी पेस्ट लावून बसणं म्हणजे फिलिंगवर भागणारं काम रूट कॅनालपर्यंत नेणं.

स्केलिंगनंतर, म्हणजे डेंटिस्टकडून दातांवरचं कीटण काढून घेतल्यावर, आठवडाभर दात शिवशिवले तर मात्र घाबरू नका, ते बहुतेकदा आपोआप कमी होतं. नुसतं तपासून घ्यायचं असेल तर शहरातल्या शासकीय दंत महाविद्यालयाची ओपीडी आहेच. सकाळी लवकर आणि वेळ हाताशी ठेवून जा.