गाडीतला प्लग-इन प्युरिफायर: आठ महिने वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये पहिल्या दोन-तीन पावसांतच आमच्या गाडीला कुबट वास धरला. पुण्यात धायरी ते हिंजवडी, जाऊन-येऊन रोजचे तीन तास माझे गाडीत जातात, आणि एसी लावला की पहिला झोत न वाळलेल्या पायपुसण्यासारखा यायचा. आधी सुगंधी जेलची डबी ठेवली. कुबट वास गेला नाहीच, त्यात मोगऱ्याची भर पडली आणि वारज्यापर्यंतच डोकं चढायला लागलं. मग ऑनलाइन हा प्लग-इन प्युरिफायर मागवला. साधारण पंधराशे रुपये, सिगारेट लायटरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचायचा, आत फिल्टर वगैरे काही नाही. खोक्यावर मात्र धूळ, धूर, जंतू, वास सगळं घालवण्याची हमी.

वासाच्या बाबतीत तो खरंच काम करतो. गणेश पेठेतून सुरमई आणताना एकदा पिशवी मागच्या सीटवर गळली. असंच पूर्वी एकदा झालं होतं, तेव्हा काचा उघड्या ठेवूनही आठवडाभर कुणी मागे बसायला तयार नव्हतं. या वेळी सीट पुसून घेतली, यंत्र चालू ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा कुरकुर न करता मागे बसला. डब्यातल्या भाजीचा, ओल्या छत्रीचा वास तर संध्याकाळपर्यंत विरतो.

पण मी पैसे मोजले होते मुख्यतः धुळीसाठी. नवले पुलापाशी कात्रजच्या उतारावरून येणारे ट्रक, पुढे चांदणी चौकापर्यंत अंगावर येणारा धूर, हे रोज भोगणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण. चोवीस तासांच्या सरासरीसाठी आपल्याकडची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली फक्त १५. त्यामुळे दिवाळीनंतर एका मित्राचा हवा मोजायचा छोटा मीटर मागून आणला आणि आठवडाभर डॅशबोर्डवर ठेवून गाडी चालवली. एक दिवस यंत्र चालू, एक दिवस बंद. आकड्यांत सांगण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायचं बटण दाबल्यावर. पाच-सात मिनिटांत आकडा निम्म्याखाली.

याचं कारण नंतर वाचून समजलं. हे यंत्र आयोनायझर आहे. आतल्या बारीक टोकांवर जास्त दाबाची वीज देऊन ते हवेत ऋण आयन, म्हणजे विजेचा ऋण भार असलेले कण सोडतं. धुळीच्या कणांवर भार चढतो आणि ते जवळच्या पृष्ठभागाला चिकटतात. म्हणजे यंत्र धूळ गाडीबाहेर काढत नाही, स्वतःत साठवतही नाही. ती काचेवर, डॅशबोर्डवर, आपल्या कपड्यांवर बसते. माझ्या यंत्राच्या भोवतीच्या प्लास्टिकवर दोन महिन्यांत काळपट थर आला. मुळात एवढ्याशा यंत्राला एसीच्या पंख्याने सतत ढवळलेली हवा गाठायची असते, ते त्याला कुठे जमणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. आईला दमा आहे. दर पंधरवड्याला तिला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. ऑगस्टमध्ये दोनदा असं झालं की घरून निघताना ठीक असलेली आई स्वारगेटपर्यंत खोकायला लागली. मी रस्त्यावरच्या धुराला दोष दिला. तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, "अगं, गाडीत झेरॉक्सच्या दुकानासारखा वास येतोय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो ओझोन वायूचा वास. आयन तयार करणाऱ्या अशा यंत्रांतून थोडाफार ओझोन निघू शकतो, आणि तो श्वासनलिकेला झोंबतो, दमा असलेल्यांना तर जास्तच. कॅलिफोर्नियात घरातल्या हवाशुद्धी यंत्रांसाठी ०.०५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) ही ओझोनची कमाल मर्यादा कायद्यानेच ठरवून दिली आहे. माझ्या खोक्यावर ओझोनचा साधा उल्लेख नव्हता. कंपनीला दोन मेल केले, उत्तर आलं ते फक्त वॉरंटीबद्दल. यंत्र काढून ठेवल्यावर आईला गाडीत खोकला आलेला नाही. यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, पण ती गाडीत असताना ते परत लावायची माझी हिंमत नाही. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर कृपा करून हे आधी तपासा.

आणि तो मूळचा कुबट वास? तो दिवाळीआधी गाडी सर्व्हिसिंगला दिल्यावर गेला. गॅरेजवाल्या काकांनी ग्लव्हबॉक्स काढून मागचा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर ओढला, तर करडा-काळा झालेला, वर गुलमोहराच्या पानांचा ओला लगदा. आमची गाडी सोसायटीत गुलमोहराखालीच उभी असते. वायपरखालच्या जाळीतून ती बारीक पानं आत जातात. काका म्हणाले, "ताई, वास इथे बनतोय आणि तुम्ही तिकडे यंत्र लावताय." नवा, कोळशाचा थर असलेला फिल्टर टाकला, एसीची कूलिंग कॉइल साफ करून घेतली. खर्च यंत्राच्या किमतीहून कमी. आता घर जवळ आलं की शेवटची पाच मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवते, म्हणजे कॉइलवरचं पाणी सुकतं आणि बुरशी धरत नाही.

आतली हवा फिरवण्याच्या बटणाबद्दलही एक सांगते. चौघं बसलेले असताना ते फार वेळ दाबून ठेवू नका. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, जांभया यायला लागतात, आणि तो कुठलाच प्युरिफायर कमी करत नाही. नवले पूल ओलांडला की मी थोडा वेळ बाहेरची हवा घेते.

बाकी बारीकसारीक: खड्ड्यांतून यंत्र सैल होऊन बंद पडतं, रात्री त्याचा निळा दिवा डोळ्यांत येतो, आणि सॉकेट अडल्यामुळे फोन चार्ज करायची पंचाईत.

सध्या ते डिकीत असतं. मासे आणले की एक-दोन दिवस लावते, तेही मी एकटी असताना. सॉकेटमध्ये चार्जर आहे. ग्लव्हबॉक्सच्या आतल्या बाजूला फिल्टर बदलल्याची तारीख मार्करने लिहून ठेवली आहे, आणि जाळीवरची पानं दर रविवारी मुलगा काढतो.