घशाचं मॉडेल भारी, पण चार्ट बेकार

भाची नर्सिंगला आहे, तिच्यासाठी ऑनलाइन मागवलं हे डोकं-मानेचं उभ्या कापाचं प्लॅस्टिक मॉडेल. घशाचा भाग खरंच झकास केलाय. आपण सरसकट घसा म्हणतो पण पुस्तकातला फॅरिंक्स म्हणजे ग्रसनी, नाकाच्या मागून सुरू होऊन तोंडामागून खाली स्वरयंत्राच्या पाठीमागे अन्ननलिकेला मिळणारी साधारण 12-13 सेंमीची स्नायूंची नळी, आणि तिचे तिन्ही भाग, नेझो (नाकामागचा), ओरो (तोंडामागचा) आणि लॅरिंगो (स्वरयंत्रामागचा), वेगवेगळ्या छटांत रंगवलेत त्यामुळे कुठला कुठे संपतो ते पटकन कळतं. पडजीभ, टॉन्सिल एकदम नीट. नाकामागे कानाच्या नळीचं बारीकसं तोंड पण दाखवलंय, सर्दीत कानाला दडे का बसतात ते तिथे बोट ठेवून सांगता येतं.

डोकं फिरलं ते सोबतच्या चार्टने. फॅरिंक्स आणि लॅरिंक्स (म्हणजे स्वरयंत्र) यांचे नंबर चक्क उलटे छापलेत! अहो एकातून अन्न आणि हवा दोन्ही जातात, दुसऱ्यात स्वरतंतू असतात, पोरं परीक्षेत नेमकी इथेच घोळ घालतात आणि तुम्ही तोच घोळ छापून विकताय?

एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरचं झाकण, पण फिक्स आहे, गिळताना ते झाकण कसं पडतं ते दाखवता येत नाही, या किमतीत एवढं तरी द्यायचं. सेलर म्हणाला दुरुस्त पीडीएफ पाठवतो, अजून पत्ता नाही. शेवटी भाचीनेच स्वतः लेबलं लिहून चिकटवली. स्टँड मात्र दणकट, अजिबात डुगडुगत नाही.