जुन्या फोनवर ऑर्गॅनिक मॅप्स: सिम नाही, नेट नाही, तरी गुहागरला पोचलो

ड्रॉवरमध्ये एक जुना फोन पडून होता, अँड्रॉइड ५वाला, १ जीबी रॅम, काचेला एक तडा. एक्स्चेंजला नेला होता तर दुकानदार नुसता हसला. दापोली-गुहागरचं ठरलं तेव्हा म्हटलं ह्यालाच गाडीत नकाशाला लावून बघू, कारण मागच्या वेळी ताम्हिणीत रेंज गेली आणि चांगल्या फोनवरचा ऑनलाइन नकाशा राखाडी चौकोन दाखवत बसला, आणि मागच्या सीटवरून आई दर दहा मिनिटांनी "अरे विचार की कुणाला तरी".

ॲप टाकलं ऑर्गॅनिक मॅप्स, नकाशा आधी उतरवून ठेवला की नेटशिवाय चालणारं. फुकट आहे, जाहिरात नाही, लॉगिन मागत नाही, आणि मुख्य म्हणजे अँड्रॉइड ५वर चालतं. आधी ओस्मअँड हे असंच दुसरं ॲप बघत होतो, त्यात फीचर्स ढीगभर आहेत पण फुकटवाल्यात नकाशे मोजूनच उतरवता येतात, आणि मला एवढं नकोच होतं. दोन्हीकडे नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचाच, म्हणजे २००४ पासून जगभरचे लोक हौसेनं भरतायत तो. घरच्या वायफायवर महाराष्ट्र उतरवला की काम झालं. माझं लगेच नाही झालं, डाउनलोड सारखं फेल. अर्धा तास राउटरला शिव्या घातल्यावर लक्षात आलं की बॅटरी पार मेल्यामुळे फोन १९७० सालात जाऊन बसलाय, आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित कनेक्शन होतच नाही. तारीख नीट केली, पुढच्या मिनिटाला डाउनलोड सुरू.

आता खरी गंमत. लोकांना वाटतं जीपीएसला नेट लागतं. नाही लागत, फोन फक्त ऐकतो, २० हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचं, आणि किमान चार नीट ऐकू आले की तुम्ही कुठे आहात ते काढतो. पण कुठला उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती एरवी फोन नेटवरून क्षणात उचलतो, आणि नेट नसलं तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, तिचा स्पीड सेकंदाला ५० बिट! एका उपग्रहाची माहिती यायला साधारण ३० सेकंद, आणि मध्ये अडथळा आला तर राहिलेलं परत ऐका. फोन महिनोन्महिने बंद असला तर आकाशात कोण कुठे हेही त्याला ठाऊक नसतं, सगळ्यांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. हे मला आधी कुठे माहीत. मी बेसमेंट पार्किंगमध्ये ॲप चालू केलं, आपण कुठे आहोत ते दाखवणारा बाण नाही. तसाच निघालो, चांदणी चौक गेला, भूगाव गेलं, बाण नाही. बायको म्हणाली दे टाकून तो डबा. शेवटी पौडच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा फोन बॉनेटवर ठेवला, वर मोकळं आकाश, आणि दुसरा चहा संपायच्या आत बाण आला. त्यानंतर दिवसभर त्रास नाही, कारण ती माहिती चारेक तास चालते, माणगावला जेवून आलो तर बाण अर्ध्या मिनिटाच्या आत हजर. सांगायचं एवढंच की निघायच्या आधी पंधरा मिनिटं फोन गच्चीवर नेऊन ठेवा, हलवू नका. लोकेशनच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ओन्ली', म्हणजे फक्त जीपीएस, करा, सिमच नाहीये तर बाकीच्याचा उपयोग काय.

ताम्हिणीत दोन-तीनदा बाण रस्ता सोडून दरीत फिरून आला. दोन्हीकडे डोंगर असले की सिग्नल कड्यावर आपटून उशिरा येतो, त्यामुळे हे होणारच, त्यात ॲपला दोष नाही. थांबलेलो असताना बाण भलतीकडे तोंड करायचा, ते होल्डरच्या लोहचुंबकामुळे, गाडी चालू झाली की सरळ.

फोनचं म्हणाल तर तापतो. काचेखाली ऊन, त्यात चार्जिंग, त्यात स्क्रीन फुल्ल, विळ्यापर्यंत हात लावता येईना, मग एसीच्या जाळीसमोर लावला. गाडीतला स्वस्तातला चार्जर घेऊ नका, चार्जिंगला असूनही टक्के उतरत होते. आणि मध्येच गाणी लावायला जाऊ नका, १ जीबी रॅम आहे, मॅप बंद पडतो.

ट्रॅफिक ह्याला कळत नाही, ते ऑफलाइन असल्यावर धरूनच चला. माणगावच्या बाजारात पाऊण तास अडकलो, पोचायची वेळ आपली पुढे पुढे सरकत होती. पण आंबेतवरून मंडणगडकडे वळल्यावर जे वळणावळणाचे रस्ते आहेत तिथे मात्र एकदाही चुकलो नाही, पुढच्या वळणाचा आकार आधीच दिसतो, रात्री त्याचा फार आधार वाटला. आई तरीही मंडणगडला एका काकांना विचारून आलीच. ते म्हणाले "थेट जावा". बाणही तेच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी दाभोळ. रूट ऑप्शनमध्ये फेरीबोट टाळायची सोय आहे, ती मी लावली नव्हती, त्यामुळे ॲपने सरळ खाडीतून पलीकडे, गुहागरच्या बाजूच्या धोपाव्याला रेघ मारली. रेघ बरोबर, पण बोट कधी सुटते आणि शेवटची कितीला ते ह्यात नाही, ते जेट्टीवरच विचारा. आम्ही पोचलो तेव्हा फळी वर घेत होते, गाडी कशीबशी चढली, आणि खाडीच्या मधोमध बाण पाण्यावरून सावकाश सरकताना बघायला आई स्वतः पुढे येऊन बसली.