डीफोर्ड बेली ऐकायचा तर कुठून?

डीफोर्ड बेली हा अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या रेडिओवर गाजलेला कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादक. माउथ ऑर्गन वाजवणाऱ्याने तो ऐकला नसेल तर त्याचं शिक्षण अर्धवट आहे, असं मी बिनधास्त म्हणते. पण ऐकायला बसलं की गोंधळ उडतो. एकीकडे १९२७-२८ च्या तबकड्या, ज्या आता वेगवेगळ्या संकलनांत विखुरलेल्या सापडतात. दुसरीकडे 'द लेजेंडरी डीफोर्ड बेली' ही सीडी. त्याच्या म्हातारपणी घरगुती टेपवर झालेलं हे ध्वनिमुद्रण टेनेसी फोकलोअर सोसायटीने १९९८ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर सोळा वर्षांनी काढलं. एकच काहीतरी घ्यायचं असेल तर सीडी घ्या. तबकड्यांनी त्याचं नाव झालं, पण माणूस सीडीतच सापडतो.

तरी तबकड्यांबद्दल आधी बोलते, कारण 'पॅन अमेरिकन ब्लूज' तिथे आहे. पॅन अमेरिकन ही त्या काळी सिनसिनाटी ते न्यू ऑर्लीन्स धावणारी प्रवासी गाडी, नॅशव्हिलवरून जाणारी. आगगाडीचा आवाज काढणारे माउथ ऑर्गनवाले पैशाला पासरी आहेत, मीही काढते. पण बहुतेकांची गाडी म्हणजे आधी झुकझुक, मग शिट्टी, मग पुन्हा झुकझुक. बेलीच्या गाडीत रुळांचा ठेका चालू असतानाच शिट्टी येते, तिचा सूर मधेच खाली ओघळतो, आणि ठेका मात्र जराही अडखळत नाही. हाताशी असतो फक्त दहा भोकांचा साधा बाजा. हा श्वास कधी घेतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग हेडफोन लावून नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं की वेगळा श्वास घ्यायची त्याला गरजच नाही. आत ओढलेली आणि बाहेर सोडलेली हवा हाच त्याचा ठेका. फुंकण्याइतकंच ओढण्यावर वाजवणं म्हणजे काय, हे या एका तुकड्यात कळतं. शिकवणीला जाण्याआधी हा ऐका.

हे कान आले कुठून? बेलीचा जन्म १८९९ चा, टेनेसीतल्या स्मिथ काउंटीतला. आजोबा पंचक्रोशीत नावाजलेले फिडलवादक. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, वर्षभर अंथरुणात गेलं, आणि पडल्या पडल्या हातात माउथ ऑर्गन आला. बाहेरून येणारे कुत्र्यांचे, कोंबड्यांचे, गाड्यांचे आवाज तो त्यावर काढत बसे. वाढ खुंटली, उंची पाच फुटांच्या आतच राहिली. घरात चालत आलेल्या वाजवण्याला तो स्वतः 'ब्लॅक हिलबिली म्युझिक' म्हणायचा; हिलबिली म्हणजे पुढे कंट्री म्हणवलं गेलेलं ग्रामीण संगीत. कृष्णवर्णीयाने वाजवलं की ब्लूज आणि गोऱ्याने वाजवलं की कंट्री, अशी खातेवाटणी करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

डिसेंबर १९२७ मधला किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम संपला, पाठोपाठ बेलीने हीच गाडी वाजवली, आणि निवेदक जॉर्ज हे यांनी ऑपेराची थट्टा करत आपल्या कार्यक्रमाला 'ग्रँड ओल ऑप्री' म्हटलं. तेच नाव कायमचं चिकटलं.

बाकीच्या तबकड्यांत 'फॉक्स चेस' चुकवू नका. शिकारी कुत्री कोल्ह्यामागे सुटलीत, बेली वाजवता वाजवता त्यांना ओरडून चेव देतोय, आणि तोंडातून बाजा कधी सुटला ते कळतच नाही. 'इव्हनिंग प्रेयर ब्लूज' संथ आहे, माझी सगळ्यात आवडती. 'जॉन हेन्री' छान. 'अल्कोहोलिक ब्लूज' वगैरे ठीक, एकदा ऐकून पुढे जावं. त्याच्या बाजारात आलेल्या बाजू (तबकडीची एक बाजू म्हणजे एक तुकडा) एकूण अकराच. १९२८ मध्ये व्हिक्टर कंपनीने नॅशव्हिलला येऊन त्याच्या आठ बाजू मुद्रित केल्या आणि बाहेर काढल्या फक्त तीन! हा करंटेपणाच. त्याच वर्षी तो ऑप्रीवर ५२ पैकी ४९ आठवडे वाजवत होता.

पुढचं वाचून संताप येतो. गोऱ्या कलाकारांबरोबर दौरे करायचे, पण त्यांच्या हॉटेलात उतरायला मज्जाव. १९४१ मध्ये गाण्यांच्या हक्कांवरून अमेरिकेतली रेडिओ केंद्रं आणि गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी अ‍ॅस्कॅप ही संस्था यांच्यात जुंपली, आणि बेलीचे ठेवणीतले तुकडे एका फटक्यात रेडिओवर बंद झाले. ऑप्रीवाले नवं काही वाजव म्हणाले. मग काढून टाकलं, आणि वर आळशी म्हणून हिणवलं. त्यानंतर त्याने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवून पोट भरलं.

सीडी महत्त्वाची ती यामुळेच. १९७३ मध्ये शहराच्या गृहनिर्माण खात्यात काम करणाऱ्या डेव्हिड मॉर्टन यांची त्याच्याशी ओळख झाली, तेव्हा बेली सरकारी घरात राहत होता. मॉर्टननी पुढची काही वर्षं टेप फिरवत ठेवली. तबकड्यांवर न भेटणारा बेली इथे भेटतो: गातो, बँजो वाजवतो, गिटार वाजवतो. आवाज कमावलेला नाही, बोलता बोलता गाणं सुरू व्हावं तसा. पण ओळ संपते तिथून बाजा ती अशी उचलतो की गळा कुठे थांबला ते पुन्हा मागे जाऊन ऐकावं लागतं. बँजो मला अपेक्षेपेक्षा जास्त आवडला. त्याच्या हातात तोही ठेक्याचंच वाद्य होतो.

खोटही सांगते. घरगुती टेप आहे, स्टुडिओची सफाई शोधू नका. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा दम तरुणपणीच्या गाडीइतका पुरत नाही, वेगवान तुकड्यांत ते जाणवतं. फक्त गोड सुरावटी हव्या असणाऱ्यांना दोन्ही संच कंटाळवाणे वाटतील.

माझे गुण: सीडीला पाचपैकी साडेचार. तबकड्यांना चार, तेही खरखरीमुळे नाही, तर न काढलेल्या त्या पाच बाजूंमुळे. आणि पहिल्यांदा ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. आत ओढलेल्या हवेचा आवाज त्यात जातो, आणि निम्मं वादन तिथेच आहे.