पेसमेकर लावून वेल्डिंग: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

भांडुपला माझा छोटा गाळा आहे. ग्रिल, सेफ्टी दरवाजे, लोखंडी जिने असली कामं करतो. गेल्या डिसेंबरात हार्ट ब्लॉक निघाला. हा नळ्या तुंबतात तो ब्लॉक नव्हे, हे गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला समजावून थकलो. नळ्या साफ आहेत, हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली जाणारी वायरिंग गेली होती. डाव्या कॉलरबोनखाली पेसमेकर बसला.

मी डावखुरा. हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. तुमचं व्हायचं असेल तर आधीच सांगा, उजवीकडेही बसवता येतो.

पहिल्या डॉक्टरांनी एका वाक्यात विषय संपवला, “वेल्डिंग विसरा.” तीस वर्षांचा धंदा असा विसरता येतो होय? पेसमेकरच्या डब्यातली पुस्तिका मुलीकडून वाचून घेतली. त्यात होतं की १६० अँपिअरच्या वर नको, त्याखाली अटी पाळून चालेल. ती घेऊन दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी पेसमेकर नसताना माझे स्वतःचे ठोके किती पडतात ते तपासलं, सेटिंग बघितलं आणि आठ आठवड्यांनी परवानगी दिली. माझ्या ओळखीतल्या एकाला शॉक देणारा आयसीडी आहे. त्याला साफ नाही सांगितलं, कारण बाहेरचा करंट म्हणजे हृदयाची गडबड असं समजून ते यंत्र उगाच शॉक देऊ शकतं.

माझ्या यंत्राची अडचण उलटी. ते हृदयाचे काही मिलीव्होल्टचे ठोके ऐकत बसतं, ठोका ऐकू आला की स्वतः गप्प राहतं. वेल्डिंगच्या करंटचा गोंगाट ऐकून त्याला वाटतं, हृदय चालू आहे. ते गप्प, हृदयही गप्प, की डोळ्यांपुढे अंधारी.

तेलाने थंड होणारी जुनी वेल्डिंग मशीन भंगारात घातली. २०० अँपिअरची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतली आणि डायलवर १२० ला बायकोच्या नेलपॉलिशने लाल रेघ मारली. दहा नंबरचा रॉड त्यात आरामात चालतो. आठ नंबरच्या, म्हणजे त्याहून जाड रॉडचं काम पुतण्याकडे. स्पॉट वेल्डिंगला हात लावत नाही, तिथे करंट हजारांत जातो. मशीन माझ्यापासून दीड मीटर लांब. ठिणगी आणि छाती यांत ६० सेंटिमीटर राहायला हवेत, आणि खरी मारामारी इथेच आहे. रॉड जळून आखूड होत जातो तसा माणूस नकळत पुढे वाकतो. म्हणून रॉड अर्धा जळला की फेकतो. पुतण्या म्हणतो, “काका, पैसे फेकताय.” फेकतोय.

सगळ्यात जड गेली ती केबल. आयुष्यभर होल्डरची केबल डाव्या खांद्यावरून घेतली. माझे सगळे शर्ट आधी तिथेच विरायचे. आता नेमका तिच्याखाली पेसमेकर! केबल जमिनीवरून, उजव्या अंगाने येते. होल्डरची आणि अर्थिंगची केबल वीत-वीतभर अंतरावर टेप मारून एकत्र बांधली आहे. एकीतून करंट जातो, दुसरीतून परत येतो. दोन्ही चिकटून असल्या की त्यांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. लांब असल्या की मधे मोठा फेरा तयार होतो आणि आपण त्या फेऱ्यात उभे.

जुलैत हे अंगावर शेकलं. नव्या पोराने टेप सोडून अर्थिंगचा क्लॅम्प बारा फुटी गेटच्या पार पलीकडच्या टोकाला लावला. पावसाने रॉड दमट, ठिणगी धरेना. मी चिडून टक-टक-टक आपटत राहिलो. पाचव्या-सहाव्या वेळी गेट हललं असं वाटलं. होल्डर टाकून लांब जाऊन बसलो, काही सेकंदांत ठीक. घरी अवाक्षर काढलं नाही. ऑगस्टच्या तपासणीत टेक्निशियनने पेसमेकरमधली नोंद वाचणारं वायरचं डोकं छातीवर ठेवलं, स्क्रीन बघितला आणि तारीख-वेळेसकट विचारलं, “या दुपारी काय करत होतात?” बायको शेजारच्याच खुर्चीत.

तेव्हापासून क्लॅम्प जोडाच्या जवळ, मी स्वतः लावतो. ठिणगी धरली नाही तर दहा आकडे मोजतो. रॉड प्लायच्या पेटीत ६० वॅटच्या बल्बखाली. ओल्यात उभं राहायचं नाही, एकट्याने काम नाही, पावसाळ्यात बाहेरची साइट नाही. यात दोन चांगली कामं गेली, त्याचं वाईट वाटतं.

बाकी त्रास किरकोळ. मोबाइल वरच्या खिशातून पँटच्या खिशात गेला. मॉलमध्ये पेसमेकरचं कार्ड दाखवतो, हातातलं डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देत नाही. ग्रायंडर छातीला टेकवून धरायची सवय मोडली. यंत्राबद्दल तक्रार शून्य. भांडुप स्टेशनचा पूल आता मधे न थांबता चढतो.

परवा पुतण्याने केबल उचलून खांद्यावर टाकली. त्याला पेसमेकर नाही, मी काही बोललो नाही. त्याच्या शर्टाचा उजवा खांदा विरायला लागलाय.