नवीन कॅक्टस जाहीर करायचा तर आधी काटे बघू की डीएनए?

एमएससी बॉटनीची ज्युनियर मंडळी हे नेहमी विचारतात म्हणून लिहून टाकते. पैसा आणि वेळ एकाच कामापुरता असेल तर आधी झाड नीट बघा, कारण नाव टिकतं ते हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात) जमा केलेल्या नमुन्यावर, म्हणजे होलोटाइपवर. १९५८ पासून तो ठरवल्याशिवाय नवीन प्रजातीचं नाव वैध धरत नाहीत आणि नुसता डीएनए सिक्वेन्स काही होलोटाइप होत नाही. लॅटिनची सक्ती मात्र २०१२ ला गेली, वर्णन इंग्रजीत चालतं.

बघायचं काय, तर एरिओल (काटे जिथून फुटतात तो लोकरीचा ठिपका), काटे, फूल, फळ, बी. खर्च कमी. नागपूरच्या आजूबाजूला कुंपणावरच्या थोरालाही लोक कॅक्टस म्हणतात, पण तो तोडला की पांढरा चीक येतो आणि एरिओल नसतात, इथे लॅब काहून पाहिजे बाप्पा! नमुना दाबायच्या आधी उभा चिरून गर काढा, नाहीतर सडतो. तोटा मोठा आहे पण, तीच प्रजाती मे महिन्यात गच्चीवर एक दिसते आणि ग्रीन नेटखाली लांबट, फिक्की, काटे विरळ, म्हणजे ऊन-सावलीच्या फरकालाच नवीन प्रजाती समजून बसायची भीती.

डीएनए तिथे कामाचा. पण कॅक्टसचा गर इतका चिकट की सीटॅब पद्धतीनेही (झाडातून डीएनए वेगळा काढायची नेहमीची रासायनिक पद्धत) कधीकधी शेंबडासारखं काहीतरी हाती येतं, पाकळ्या घेतल्या तर बरं. नेहमीचे बारकोड (प्रजाती ओळखायला वापरतात ते डीएनएचे ठरावीक तुकडे) मॅट-के आणि आरबीसीएल क्लोरोप्लास्टमधले, जवळच्या प्रजातींत ते जवळपास सारखेच निघतात, आणि क्लोरोप्लास्ट बहुतेक आईकडूनच येत असल्याने संकर लपून जातो. ओपन्शियात, म्हणजे निवडुंगात, संकर भरपूर, म्हणून न्यूक्लिअर, म्हणजे पेशीकेंद्रातले, जीनही लागतातच. २०१७ मध्ये सग्वारोचा (अमेरिकेतला उंच कॅक्टस) जिनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून आला तेव्हाही वेगवेगळे जीन वेगवेगळी वंशावळ सांगत होते, त्यामुळे एका जीनवर नवीन प्रजाती जाहीर करणं मला तरी पटत नाही.

फूलच मिळालं नाही किंवा संकराचा संशय असेल तर डीएनए आधी करा, बाकी वेळी नंतर. नर्सरीतल्या झाडावर तर दोन्ही खर्च करू नका, मूळ ठिकाणच माहीत नसतं. आणि ते लाल-पिवळ्या गोळ्याचे कलमी कॅक्टस असतात ना, त्यांच्या खालच्या हिरव्या दांड्याचा तुकडा घेतला तर बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटच्या जातभाईचाच डीएनए निघेल.